भाजकातली चिमूटभर साखर

त्या वर्षांत इचलकरंजीच्या आसपास कोणाच्याही घरी गेलं, की चहा तिसऱ्या मिनिटाला पुढ्यात येई आणि चौदाव्या मिनिटाला घरचा माणूस उठून दार उघडून उभा राही. त्यात अपमान काही नव्हता. पाहुणा स्वतःच मोबाइलवर गजर लावून आलेला असे. मुलगी बघण्याचे कार्यक्रम चौदा मिनिटांत उरकत. समाचाराला आलेली माणसं रडणं अर्ध्यावर ठेवून उठत आणि उरलेलं फाटकाबाहेर रडत. मिरजेच्या एका मामांनी तर बहिणीकडे चार दिवस मुक्काम केला, दर चौदा मिनिटांनी अंगणात जायचं आणि परत आत यायचं, अशा बेताने. पाचव्या दिवशी मामांचे गुडघे गेले. आता त्यांचाही अर्ज यादीत आहे.

हे सगळं झालं सोबतीमुळे.

सोबती म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी घेणारं यंत्र. दुधाच्या कॅनएवढं धड, खाली चाकं, आणि दोन लांब, मऊ हात. वेळेवर औषध देणार, अंघोळीला धरणार, पडलेल्याला अलगद उचलून बसवणार, आणि एकच गोष्ट सातव्यांदा सांगितली तरी ‘हो का?’ म्हणणार. सरकारने ती फुकट द्यायचं ठरवलं, पण जिल्ह्याच्या वाट्याला महिन्याला वीस यायची आणि अर्ज पडले होते नऊ हजार. तेव्हा कोणाला आधी द्यायची, हे ठरवायला एक सूत्र केलं. माणसाची गरज डॉक्टरने शंभरपैकी लिहायची, आणि तिला त्याच्याकडे येणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचं. गरज चौऱ्याऐंशी आणि येणारी माणसं चार, तर गुण एकवीस. गरज तीच आणि माणूस एकच, तर गुण चौऱ्याऐंशी. ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी. सूत्र कोणालाही पटण्यासारखं होतं.

माणसं मोजायला दारावर बशीएवढी चकती बसवलेली असे. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडायची. श्वास घेताना छाती सुतभर वर येते, नाडीबरोबर तर त्याहूनही कमी हलते; तेवढी हालचालसुद्धा परत येणाऱ्या लहरींत उमटते. प्रत्येकाची लय वेगळी, त्यामुळे काल आलेला आणि आज आलेला एकच की दोघे, हे चकतीला कळायचं. मात्र टपालवाले नि पाहुणे यांत घोळ नको, म्हणून नियम असा होता, की घरचा माणूस वगळून जो सलग पंधरा मिनिटं घरात थांबला तोच माणूस. तीन महिने तो खात्यात राहणार. पंधरा मिनिटं भरली की चकतीवर हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि घरच्यांचे चेहरे पडायचे.

म्हणजे कोणी प्रेमाने येऊन बसला, की तुमचा नंबर खाली. हे लोकांच्या लक्षात यायला सहा महिनेही लागले नाहीत.

शिरीष टेंगशे हे सगळं आपल्या खिडकीतून बघत होते. त्या काळातल्या म्हाताऱ्यांची नावं शिरीष, मिलिंद, संजय अशीच असत. टेंगशे बहात्तर वर्षांचे, लग्न करायचं राहून गेलेले, आणि नोकरीभर संगणकाचे प्रोग्राम लिहिलेले. गावाबाहेरच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला थेंब घालायचे, दिवसातून चार वेळा, न चुकता. आणि टेंगश्यांचे हात कापत. सकाळचा थेंब गालावर, दुपारचा कानात, संध्याकाळचा शर्टाच्या खिशात. बाटलीला लावायची एक प्लॅस्टिकची टोपी मिळते, तीही त्यांनी दोनदा डोळ्यात खुपसून घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर वर्षभरात अंधार होईल.

यादीत त्यांचा नंबर होता दोनशे बारा. माणूस एकच: विलास संकपाळ, केस कापायला महिन्याला घरी येणारा. टेंगश्यांच्या डोक्यावर केस मोजून साठ उरले असतील, तरी ते विलासला अर्धा तास बसवून घेत. त्यामागचं कारण गावात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बाकीचे लोक चारावरून दोनावर, दोनावरून एकावर उतरत होते, आणि हुशार असतील ते विचार करत होते, की एकाने एवढे गुण, तर शून्याने किती! पलीकडच्या गल्लीतल्या पाटोळे मास्तरांनी सख्ख्या बहिणीला चौदाव्या मिनिटाला रिक्षात बसवलं आणि शून्य गाठलं. पुढच्या एक तारखेला ते यादीत वर गेले नाहीत. ते यादीतच नव्हते. मास्तर अर्जावर अर्ज पाठवत राहिले.

टेंगश्यांनी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की ती ओळ आपणच लिहिली.

ती हकीकत अशी. सोळा वर्षांपूर्वी हे सूत्र यंत्रात बसवण्याचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिथे टेंगशे नोकरीला होते. चाचणीच्या दिवशी यंत्र सारखं अडकायचं. बघतात तो काही घरांत येणारी माणसं शून्य, आणि शून्याने भाग जात नाही. टेंगश्यांनी खिडकीशी उभं राहून पाच मिनिटं विचार केला. आपल्याकडे घर म्हटलं की कोणीतरी येतंच. विरजण मागायला येतं, पत्रिका द्यायला येतं, भांडायला तरी येतं. ज्या घरात तीन महिन्यांत कोणी पाऊल टाकलं नाही, ते घर बंदच असणार. त्यांनी एक ओळ लिहिली: माणसं शून्य असतील तर घर बंद समजावं आणि पुढे जावं. यंत्र सुरळीत चालू लागलं. टेंगश्यांना त्या दिवशी ऑफिसात कचोरी मिळाली.

आणि मग विलास संकपाळ मुलीकडे हुबळीला कायमचा राहायला गेला.

तीन महिने संपले त्या महिन्याच्या एक तारखेला टेंगश्यांनी भिंग लावून यादी वरपासून खालपर्यंत तपासली. आपलं नाव नाही म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून सोबती केंद्रात गेले. तिथल्या अधिकारी आर्या दुधाणे बत्तीस वर्षांच्या होत्या आणि म्हाताऱ्यांना आधी पाणी विचारायच्या. त्यांनी नंबर घातला आणि त्या अवघडल्या.

“काका, हे घर बंद दाखवतंय. तिथे कोणी राहत नाही.”

“मी राहतो.”

“ते दिसतंय हो मला. पण यंत्राच्या मते तुम्ही नाही आहात.”

टेंगश्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सोळा वर्षांपूर्वीची ओळ, अक्षर न अक्षर, त्यांना म्हणून दाखवली. कोणी लिहिली, हेही सांगितलं. मग दुधाणेबाईंनी असं काही केलं, की टेंगश्यांना वाटलं ही मुलगी आपल्या वेळी ऑफिसात हवी होती. जिल्ह्यातली ‘बंद’ घरं त्यांनी काढली आणि ती नळाच्या मीटरशी ताडून पाहिली. घर बंद, पण रोज दोन बादल्या पाणी वापरणारं, अशी घरं निघाली अकराशे चाळीस.

अकराशे चाळीस माणसं रोज उठत होती, पाणी तापवत होती, आणि नव्हती.

दुधाणेबाई म्हणाल्या, ओळ बदलता येईल, आठ तारखेला समितीची बैठक आहे. पण तिच्या जागी काय घालायचं ते तुम्ही सांगा. टेंगश्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी समजावलं, की बारा लाडू तिघांत वाटले तर प्रत्येकाला चार. शून्य जणांत वाटले, तर प्रत्येकाला किती? इथे ‘प्रत्येक’ म्हणायलाच कोणी नाही. उत्तर चुकत नाही, प्रश्नच नाहीसा होतो. आपल्याकडच्या जुन्या गणितींपैकी एकाने अशा राशीला खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. पण यंत्राला अनंत सांगितलं तर ते मोजतच बसेल. दुसऱ्याने तर शून्याला शून्याने भागून शून्यच ठेवलं होतं. दीड हजार वर्षं माणसं या दारात उभी राहून परत फिरली आहेत.

“मग तुम्ही सोळा वर्षांपूर्वी काय केलंत?” दुधाणेबाईंनी विचारलं.

“दाराबाहेरचं शून्य उचललं आणि घरात नेऊन ठेवलं,” टेंगशे म्हणाले.

आठ तारखेला सहा दिवस होते. टेंगश्यांनी कागदावर कागद भरले. शून्याच्या जागी एक मानावं, तर ज्याच्याकडे एक माणूस येतो आणि ज्याच्याकडे कोणीच येत नाही ते दोघे सारखे. हे खोटं. अर्धा मानावा, तर अर्धाच का, याला उत्तर नाही. शिवाय डोळ्यांपुढची आकडेमोड आता कडेकडेने विरघळू लागली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी गणित बाजूला ठेवलं आणि निदान आपलं नाव तरी यादीत परत यावं म्हणून शेजारचं दार वाजवलं. एक माणूस पंधरा मिनिटं घरात बसला की झालं.

शेजारी सुरेखा कोष्टी राहत. वय सत्तर, नवरा गेलेला, मुलगी सुरतेला. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. तुटलेला धागा चालत्या मागात जोडण्याबद्दल त्यांचं नाव होतं. टेंगश्यांशी मात्र त्या चार वर्षं बोलत नव्हत्या. होळीला त्यांनी कटाची आमटी पाठवली होती. टेंगश्यांनी ती संपवली, वाटी घासली, पुसली, आरशासारखी लखलखीत केली आणि परत दिली. रिकामी.

दार उघडलं. टेंगश्यांना चेहरा नीट दिसेना, पण कमरेवरचे हात दिसले.

“काय ओ टेंगशे, वाट चुकला काय?”

त्यांनी काम सांगितलं. आढेवेढे न घेता सगळंच सांगितलं, ती ओळही. बाईंनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, की ज्याला रिकामी वाटी परत देताना काही वाटलं नाही, त्याने अकराशे माणसं रिकामी म्हणून लिहिली यात नवल ते काय.

“मी स्वच्छ करून दिली होती,” टेंगशे म्हणाले. चार वर्षं हे वाक्य त्यांच्या जिभेवर होतं.

“स्वच्छ मी बी करते की. शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं न्हाई, एवढं बी ठावं न्हाई तुम्हाला? चिमूटभर साखर घालायची. चार दाणे.”

“चार दाण्यांनी काय होतं?”

“काय होतंय? कुणाचं पोट भरत न्हाई. भरलेल्या भांड्यात टाकली तर दिसत बी न्हाई. पण रिकाम्या भांड्यात टाकली, की ते रिकामं राहत न्हाई. एवढंच.”

टेंगशे तिथेच पायरीवर बसले. बाईंना वाटलं चक्कर आली. त्या पाणी आणायला वळल्या. पण टेंगशे बोटाने पायरीवरच्या धुळीत आकडे काढत होते. भाजकात सगळ्यांच्याच एक चिमूट घालायची. शंभरावा भाग समजा. ज्याच्याकडे चार माणसं येतात त्याचे चाराचे झाले चार पूर्णांक एक शतांश. गुण एकविसाच्या आसपासच, दिसतसुद्धा नाही. आणि ज्याच्याकडे कोणी नाही, त्याची चौऱ्याऐंशी गरज भागिले ती एवढीशी चिमूट. आठ हजार चारशे. यंत्र अडकत नाही, अनंतही म्हणावं लागत नाही, आणि सगळ्यात एकटा माणूस सगळ्यात वर.

“सुरेखाबाई,” ते म्हणाले, “तुम्ही गणित कुठे शिकलात?”

“चौथीत दोनदा नापास झाले मी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाणी दिलं. भांड्यात खाली गुळाचा खडा होता.

समितीत दुधाणेबाईंनी तो कागद मांडला. कोणीतरी हरकत घेतली, की आता सगळेच शून्य व्हायला बघतील. दुधाणेबाईंनी फोनवरून टेंगश्यांना विचारलं. टेंगशे म्हणाले, बघू देत की, सोपं नसतं ते. ओळ बदलली. अकराशे चाळीस बंद घरं एका दुपारी उघडली. पाटोळे मास्तर सत्तेचाळिसावे आले. टेंगशे सातवे.

सोबती सोमवारी मिळणार होता. त्याआधी रविवारी संध्याकाळी सहाला शेवटची मोजणी.

मधले अठरा दिवस कसेही काढायचे होते, आणि ते सुरेखाबाईंनी काढले. पहिल्या दिवशी टेंगश्यांचा थेंब गालावरून ओघळताना त्यांनी खिडकीतून पाहिला, आणि न विचारता आत आल्या. “वर बघा. डोळा मिटू नका. मिटला तर फटका बसेल.” ज्या बोटांनी चालत्या मागात धागे जोडले होते, त्यांतून थेंब बरोबर जागी पडला. दिवसातून चार वेळा. थेंबानंतर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. तेवढ्यात बाई कॉलनीतल्या बातम्या सांगायच्या, आणि चौदाव्या मिनिटाला गजर झाला की वाक्य तोडून उठायच्या. दुपारचं वाक्य संध्याकाळी पुरं व्हायचं. टेंगश्यांना त्या तुटलेल्या वाक्यांची वाट बघायची सवय लागली. शेवटच्या दुपारी जोशीकाकूंच्या सुनेचं भांडण ‘आणि तिनं सरळ’ इथे थांबलं, तेव्हा त्यांना दुपारची झोप लागली नाही.

या अठरा दिवसांत बाई बहात्तर वेळा आल्या. चकतीच्या हिशेबी एकदाही नाही.

रविवारी साडेपाचला त्या डाळवांग्याची वाटी घेऊन आल्या. थेंब घातला. टेंगशे डोळे मिटून पडले. बाई म्हणाल्या, उद्यापासून तुमचा तो कॅन येणार, मला सुट्टी. तो म्हणे हात धुऊन थेंब घालतो, माझ्यासारखा पदराला पुसत नाही. तेवढ्यात दारावरच्या चकतीतून गोड आवाज आला. शेवटच्या मोजणीआधी ती घरच्या माणसाचा जबाब घेत असे.

“आपल्याकडे कोणी येतं का? हो किंवा नाही सांगा.”

टेंगश्यांनी डोळे उघडले. समोर बाई नुसती हिरवट सावली होऊन उभ्या होत्या. चेहरा कसा झाला आहे, ते दिसत नव्हतं. वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज मात्र आला, जरा हळूच.

“सांगा की न्हाई म्हणून,” बाई म्हणाल्या. “मला काय फरक पडतोय? तेरा मिनिटं झाली. मी निघते.”

टेंगशे उठून बसले. सातवा नंबर गेला तर काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. माणूस एक धरला, तर पुढे अकराशे एकोणचाळीस एकटे आणि आधीचे दोनशे अकरा. म्हणजे नंबर तेराशे एक्कावन्न, महिन्याला वीस यंत्रं, साडेपाच वर्षं. तोपर्यंत डोळे राहणार ते या सत्तर वर्षांच्या बाईच्या बोटांवर. बाईंना ताप येईल, मुलगी सुरतेला बोलावेल, भांडण होईल. भांडण तर नक्कीच होईल. यंत्राला यातलं काही होत नाही.

पण ‘नाही’ म्हणायचं, तर बहात्तर वेळा आलेल्या माणसाला परत एकदा शून्य लिहायचं. एकदा लिहून झालं होतं, तेव्हा समोर कोणी उभं नव्हतं.

“बसा,” ते म्हणाले.

“अहो, चौदा होतील.”

“होऊ देत. जोशीकाकूंच्या सुनेनं सरळ काय केलं, ते अजून राहिलंय.”

बाई दाराशी थांबल्या. गजर वाजला, त्यांनी तो बंद केला आणि हातात मोबाइल धरून तशाच उभ्या राहिल्या. चकतीने पुन्हा विचारलं. टेंगश्यांनी तिच्याकडे तोंड करून, कोर्टात बोलावं तसं स्पष्ट सांगितलं:

“हो. येतात.”

बाई खुर्ची ओढून बसल्या. आणि मग सुनेने सरळ पोळपाट उचलला इथपासून त्यांनी सुरुवात केली, तेव्हा मध्येच हिरवा दिवा लुकलुकला. दोघांपैकी कोणी तिकडे बघितलं नाही. सात वाजता बाई घरी गेल्या.

सातवा नंबर हुपरीच्या एका माणसाला मिळाला. त्याच्या घरी दोन वर्षांत फक्त नळ बोलला होता.

सोमवारी सकाळी थेंबाच्या वेळेआधी टेंगश्यांनी डाळवांग्याची वाटी घासली, पुसली, ओट्यावरचा डबा चाचपला आणि पाच बोटांची चिमूट मोजूनमापून वाटीत सोडली. दोन दाणे बाहेर सांडले, ते वेचून परत आत टाकले. मग भिंतीचा आधार घेत शेजारच्या दारात जाऊन वाटी पुढे केली आणि वाट बघत उभे राहिले.

बाईंनी वाटी बघितली. बोटाने चार दाणे जिभेवर ठेवले. ते मीठ होतं.

“कशी आहे?” टेंगश्यांनी विचारलं.

“गोड हाय,” सुरेखाबाई म्हणाल्या. “आत या, थेंब इथंच घालते. आणि दुपारी आले की तुमच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहून ठेवते.”